मेन्युहिनचे पलटे

दिवाळी पहाट असो, गणेशोत्सवातला कार्यक्रम असो, नाहीतर एखाद्या बँकेने पुरस्कृत केलेली मैफल असो, निवेदकाच्या तोंडून एक वाक्य हटकून येतंच : संगीताला सीमा नसतात, संगीत माणसं जोडतं. तबला अजून लागलेला नसतो, म्हणून ते वाक्य आणखी पाच मिनिटं ताणलं जातं आणि आपण सवयीने टाळ्या वाजवतो. माझं त्या वाक्याशी हल्ली पटत नाही. अनिता लास्करची हकीकत वाचल्यापासून तर मुळीच नाही.

अनिता ब्रेस्लाउची ज्यू मुलगी. १९४३ च्या अखेरीस तिला आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत नेलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आल्याआल्या डोकं भादरलं जात असताना बोलता बोलता तिने सांगितलं, की मी चेलो वाजवते. त्या एका वाक्याने तिचा जीव वाचला, कारण छावणीत बायकांचा वाद्यवृंद होता आणि त्यात चेलो नव्हता. या वाद्यवृंदाने रोज सकाळी कैदी कामावर निघताना आणि संध्याकाळी परतताना दरवाज्याशी बसून मार्च वाजवायचे. कैद्यांची पावलं एका ठेक्यात पडली म्हणजे मोजायला सोपं! एकदा डॉक्टर मेंगेले त्यांच्या बराकीत आला. कैद्यांवर अघोरी प्रयोग करणारा तोच तो मेंगेले. त्याने शूमानची ‘ट्रॉयमराय’ ऐकवायला सांगितली. बालपणाविषयी लिहिलेली ती नाजूक रचना अनिताने वाजवली, त्याने ऐकली आणि तो गेला. त्याला संगीत कळत होतं, आवडतही होतं. कानात बेटहोवन आणि हातात चाबूक, यात विसंगती आहे असं तिथे कुणालाच वाटलं नाही. तेव्हा सूर आपोआप कुणाला सुधारत नाहीत, जोडत नाहीत, शांतवतही नाहीत. एवढं मान्य केलं, की मग संगीतकार आणि शांतता यांबद्दल काही खरं बोलता येतं.

पुढे अनिताला बेर्गन-बेल्सनला हलवलं. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्याने ती छावणी सोडवली. सुटका झाली, पण जायचं कुठे? घर नाही, गाव नाही, माणसं नाहीत. हजारो लोक तिथेच राहिले. त्या जुलै महिन्यात त्यांच्यासमोर वाजवायला दोघे जण आले. व्हायोलिनवर येहुदी मेन्युहिन, वय एकोणतीस, जगभर नाव झालेलं. पियानोवर बेंजामिन ब्रिटन, ज्याचा पहिला मोठा ऑपेरा नुकताच लंडनमध्ये गाजला होता. साथीला दुसराच वादक ठरलेला होता. ब्रिटनने मला न्याच म्हणून गळ घातली. दोघे तालमीला बसले आणि पाच मिनिटांत उठले, कारण एकमेकांचा अंदाज आला होता. स्वरलिपींची एक बॅग बरोबर घेतली आणि दहाएक दिवस रोज दोन-तीन कार्यक्रम, अशी जर्मनीतली छावण्या-इस्पितळं पालथी घातली.

या कार्यक्रमाचं गुलाबी वर्णन मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. मेन्युहिनने मात्र आपल्या आत्मचरित्रात लक्षात ठेवलेत ते श्रोत्यांचे कपडे. लष्कराच्या घोंगड्या कापून छावणीतल्या शिंप्यांनी बायकांसाठी स्कर्ट आणि पुरुषांसाठी सूट शिवले होते. मैफलीला जायचं म्हणून माणसं घोंगडीचा सूट घालून आली होती! अनिताही त्या गर्दीत होती. व्हायोलिन निर्दोष होतं, पण तिला भारून टाकलं ते साथीला बसलेल्या त्या अनोळखी माणसाने. तो पियानोपाशी आहे हे जाणवतच नव्हतं आणि तरी त्याच्यावरून नजर हलत नव्हती, अशा अर्थाचं तिने लिहून ठेवलं. ब्रिटन त्या दौऱ्याविषयी जवळजवळ आयुष्यभर गप्प राहिला. अगदी शेवटी त्याने आपल्या जोडीदाराला सांगितलं, की त्यानंतर मी जे जे लिहिलं त्यावर त्या दिवसांची छाया आहे.

श्रोत्यांचं काय झालं ते कुणी मोजलेलं नाही, पण वाजवणारे बदलले. निवेदकांच्या वाक्यात ही बाजू कधीच येत नाही.

मेन्युहिनची खरी परीक्षा दोन वर्षांनी झाली. विल्हेल्म फुर्टव्हेंगलर हा जर्मनीतला सर्वांत मोठा संगीत-संचालक नाझी राजवटीत देश सोडून गेला नव्हता. त्याने काही ज्यू वादकांना वाचवलं होतं हे खरं, आणि त्याच्या मैफलींनी त्या राजवटीला प्रतिष्ठा मिळवून दिली हेही खरं. चौकशीतून तो मोकळा झाला तरी अमेरिकेतले मोठमोठे वादक त्याचं नाव काढलं की भडकत. १९४७ मध्ये मेन्युहिन आधी लुसर्नला आणि मग बर्लिनला त्याच्याबरोबर बेटहोवनचा कॉन्चेर्तो वाजवायला उभा राहिला. महासंहारानंतर बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर वाजवणारा तो पहिला ज्यू कलाकार.

बर्लिनमध्येच त्याने ज्यू निर्वासितांसाठीही एक कार्यक्रम ठेवला होता. सभागृह जवळपास रिकामं राहिलं. निर्वासितांच्या छावणीतल्या वर्तमानपत्रात त्याच्या नावे अनावृत पत्र छापून आलं होतं आणि लोकांनी बहिष्कार घातला होता. त्यांचा मुद्दा माझ्या मते बिनतोड होता. युद्धाची वर्षं हा गृहस्थ अमेरिकेत. दोस्त सैन्यासमोर त्याने पाचशेहून जास्त कार्यक्रम केले, मान्य. पण आई-बाप गेले ते आमचे. क्षमा करायची की नाही ते आम्ही ठरवू. हा कोण परस्पर हात मिळवणारा?

मेन्युहिन दुसऱ्या दिवशी त्या छावणीत गेला, आणि गेला तो वाजवायला नव्हे. लोक खवळलेले, घोषणा चाललेल्या, बंदोबस्ताला लष्करी पोलीस. तिथे उभा राहून तो बोलला आणि त्याने ऐकून घेतलं. सगळ्यांचं मन वळलं असं मी म्हणणार नाही. १९५० मध्ये तो इस्राएलला गेला तेव्हाही त्याला धमक्या होत्याच. फुर्टव्हेंगलरच्या बाबतीत तो बरोबर होता की भाबडा, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही. पण ज्यांनी आपल्यावर बहिष्कार घातला त्यांच्या दारात वाद्य न घेता जाणं ही गोष्ट मला त्या कॉन्चेर्तोपेक्षा मोठी वाटते. व्हायोलिन हातात असलं की कलावंताला एक कवच असतं. लोक चिडले तरी सूर ऐकून घेतात. ते कवच त्याने बाहेर ठेवलं.

हे त्याच्यात कुठून आलं, याचं उत्तर मला वेगळ्याच ठिकाणी सापडतं. ते शोधायचं तर त्याच्या बिघडलेल्या हाताकडे यावं लागतं.

मेन्युहिन बालकलाकार होता, आणि साधासुधा नव्हे. अकराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेटहोवन, बाराव्या वर्षी बर्लिनमध्ये एकाच संध्याकाळी बाख, बेटहोवन आणि ब्राम्स, सोळाव्या वर्षी खुद्द एल्गारच्या संचालनाखाली एल्गारच्याच कॉन्चेर्तोचं ध्वनिमुद्रण. दहा वर्षांचा असताना आईने त्याला ब्रसेल्सला इझाई या वृद्ध उस्तादांकडे नेलं होतं. पोराने मोठा कॉन्चेर्तो झोकात वाजवला. उस्ताद खूश झाले आणि म्हणाले, आता चार सप्तकांत एक साधा आर्पेजिओ वाजव बरं. म्हणजे आपल्याकडे मोठा ख्याल दणक्यात गाणाऱ्या मुलाला ‘सारेग रेगम’ म्हणायला सांगावं तसं. मुलगा अडखळला, चाचपडत राहिला. पलटे घटवत जा बाळ, एवढा सल्ला देऊन उस्तादांनी निरोप दिला. मुलाने तो काही फारसा मनावर घेतला नाही. त्याला गरजच नव्हती. सूर येत होते.

आणि एक दिवस ते यायचे थांबले. युद्धातली दगदग, घरातली मोडतोड, अव्याहत दौरे. गज तारेवर टेकवताना हात कापू लागला. जे आपोआप होत होतं ते कसं होत होतं हे त्याला कधी माहीतच नव्हतं, त्यामुळे दुरुस्त करायचं काय, तेही कळेना. हे दुखणं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घरांत नवं नाही. अशा वेळी बहुतेक मोठी माणसं कार्यक्रम कमी करतात, प्रकृतीचं कारण सांगतात, समीक्षकांशी भांडतात. मेन्युहिनने पस्तिशीत पुन्हा बाराखडीला सुरुवात केली : वाद्य धरायचं कसं, गज उचलायचा कसा, श्वास घ्यायचा कसा. १९५१ मध्ये न्यूझीलंडला एका डॉक्टरच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत असताना तिथे पडलेलं योगासनांवरचं एक छोटं पुस्तक त्याच्या हाती लागलं. ते वाचून हा गृहस्थ हॉटेलच्या खोलीत डोक्यावर उभा राहायला लागला.

पुढल्याच वर्षी तो भारतात आला. दुष्काळ-निवारणासाठी कार्यक्रम होते, मिळकत सगळी निधीला. दिल्लीत नेहरूंनी विचारलं, शीर्षासन येतं म्हणे तुम्हाला, करून दाखवा. त्याने केलं. नेहरू म्हणाले, असं नव्हे, आणि स्वतःच डोक्यावर उभे राहिले. जेवणाची वर्दी द्यायला आलेल्या नोकराने दार उघडलं तेव्हा पंतप्रधान आणि पाहुणे दोघेही उलटे होते, असं मेन्युहिनने मोठ्या गमतीने सांगितलंय.

मुंबईत त्याला भेटायला एक योगशिक्षक पुण्याहून गेले. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार, वय तेहेतीस. १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला ते आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हतं, लहानपण आजारपणात गेलेलं, शिक्षण अर्धवट, आणि शिकवायचं कुणाला, तर स्वतःपेक्षा धट्ट्याकट्ट्या कॉलेजकुमारांना. पुण्यात नाव व्हायला त्यांना बरीच वर्षं घासावी लागली. मेन्युहिन थकलेला होता. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं. अय्यंगारांनी त्याला आडवं केलं, शरीर सैल सोडायला लावलं, चेहऱ्यावर बोटं ठेवली. तो गाढ झोपला. जागा झाला तेव्हा ती पाच मिनिटं कधीच संपली होती आणि इतकं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलेलं नव्हतं. तिथून पुढे शिकवणी सुरू झाली. १९५४ मध्ये त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला ग्श्टाडला बोलावून घेतलं आणि निरोप देताना एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरून घेतलं होतं, की हे माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकासाठी. एनेस्कूसारख्या थोर संगीतकाराच्या हाताखाली शिकलेला माणूस, आणि सर्वोत्तम शिक्षक कोण, तर ज्याने व्हायोलिन कधी वाजवलं नाही असा पुण्याचा योगगुरू!

मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगारांच्या संस्थेवरून मी बरेचदा जाते. काखोटीला चटई मारलेली जपानी, फ्रेंच, अमेरिकन माणसं फाटकाशी दिसतात. अय्यंगारांचं जगभरातलं नाव मेन्युहिनच्या शब्दामुळे झालं, असं आपल्याकडे कौतुकाने सांगतात, आणि त्यात तथ्य आहेच. त्यांच्या १९६६ च्या गाजलेल्या पुस्तकाला प्रस्तावना मेन्युहिनचीच आहे. पण मला या व्यवहाराची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. ब्रिटिशांचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती. पश्चिमेतला कीर्तीच्या शिखरावरचा एक कलावंत इथे येतो, जमिनीवर आडवा होतो आणि मला माझं शरीर कसं वापरायचं ते येत नाही, शिकवा, म्हणतो. हिंदुस्थानी माणसांना शिकवायला आलेले पाश्चात्त्य आपण पुष्कळ पाहिले होते. हा शिकायला आला होता.

आपल्याकडे गजाननराव जोशी किंवा दातार व्हायोलिन वाजवत ते मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून. वाद्य पडेल ही भीतीच नाही, त्यामुळे हनुवटीची पकड लागत नाही. पाश्चात्त्य वादक उभा असतो आणि वाद्य हनुवटी नि खांद्याच्या बेचक्यात असतं. भीतीपोटी तो ते आवळून धरतो आणि आवळलं की हात आखडतो. मेन्युहिनने पुढची सगळी वर्षं ही पकड सैल करण्यात घालवली. शिकवायला लागल्यावरही तो मुलांना आधी श्वास, खांदे, तोल यांचे धडे देई, आणि १९६३ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये मुलांची संगीतशाळा काढली.

रविशंकरांबरोबर तो वाजवायला बसला त्याची ध्वनिमुद्रिका माझ्या मावशीकडे होती. १९६६ मध्ये इंग्लंडच्या बाथ महोत्सवात दोघे प्रथम एकत्र वाजवायला बसले, तबल्यावर अल्लारखाँ. पुढच्या वर्षी ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ ही तबकडी निघाली, तिला ग्रॅमी मिळालं. मावशीचे यजमान हौशी तबलजी होते आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळींत या तबकडीवरून वाद होत. एकाचं म्हणणं, हे फ्युजनचं खूळ, ना धड इकडचं ना तिकडचं. काकांनी एकदा तिलंगातली रचना पुन्हा लावली आणि म्हणाले, “ऐक नीट. पंडितजी खेळतायत, हा पाठ केलेलं म्हणतोय. पण खोटं नाही हो वाजवत.”

इतका नेमका अभिप्राय मी पुढे कुठल्या समीक्षकाकडून वाचला नाही. मेन्युहिनला उपज येत नव्हती. त्याच्यासाठी रचना लिहून काढावी लागे. सतार सहज एखाद्या स्वरावर रेंगाळून समेवर उडी घेते, व्हायोलिन तिच्यामागून पायरी पायरीने उतरतं. सवाल-जवाबात तर स्पष्ट कळतं, की जवाब आधीच ठरलेला आहे. आपल्या मैफलीत असा वादक तयारीचा म्हटला जाणार नाही. आणि हे सगळं त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्या क्षेत्रात ज्याच्या तोडीचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असा माणूस दुसऱ्याच्या क्षेत्रात सर्वांदेखत विद्यार्थी म्हणून बसतो. १० डिसेंबर १९६७ रोजी, मानवी हक्कदिनी, संयुक्त राष्ट्रसंघात हे दोघे पिलू वाजवायला बसले तेव्हा भाषणात शांततेचे उल्लेख झालेच असतील. मला ती शांतता दिसते मेन्युहिन रविशंकरांच्या बोटांकडे ज्या एकाग्रतेने पाहतो त्यात. वरचढ ठरायची घाई नाही आणि कमी पडण्याची लाजही नाही. राष्ट्रसंघात बसणाऱ्या किती मंडळींना हे जमत असेल? असो.

१९६८ चं नेहरू पारितोषिक त्याला मिळालं. आदल्या वर्षीचे मानकरी होते खान अब्दुल गफारखान. तुरुंगात उमर काढलेल्या बादशहाखानांच्या पाठोपाठ हा व्हायोलिनवाला, हे त्या वेळी काहींना खटकलं असणार. पण पारितोषिकानंतर तो फिती कापत हिंडला नाही. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेचा अध्यक्ष म्हणून मॉस्कोत बोलताना त्याने सोव्हिएत सरकारच्या काळ्या यादीतल्या लेखक सोल्झेनित्सिनचं नाव आदराने घेतलं. यजमानांनी ते भाषण दाबून टाकलं. आणि १९९१ मध्ये तो इस्राएलच्या संसदेत उभा राहिला.

या प्रसंगाला त्याच्या घरातूनच पार्श्वभूमी होती. तो जन्मण्याआधी आई-बाप न्यूयॉर्कमध्ये भाड्याची जागा शोधत होते. खोली पसंत पडली, आणि निघताना घरमालकीण फुशारकीने म्हणाली, की आम्ही ज्यूंना जागा देत नाही. आईने तिथेच ठरवलं, की मूल झालं की जगाला पहिल्याच हाकेत कळलं पाहिजे हे कोण आहे ते. म्हणून मुलाचं नाव ठेवलं येहुदी, म्हणजेच ज्यू. वडील मात्र ज्यू राष्ट्रवादाचे कडवे टीकाकार. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. अशा घरातला हा मुलगा पंचाहत्तराव्या वर्षी वुल्फ पारितोषिक घ्यायला जेरुसलेमला गेला आणि सत्कार करणाऱ्यांच्या तोंडावर म्हणाला, की ताब्यातल्या प्रदेशात तुम्ही जो अंमल चालवताय तो माणसाच्या प्रतिष्ठेला काळिमा आहे, आणि ज्यांनी इतकं सोसलं त्यांना तर तो मुळीच शोभत नाही. बर्लिनच्या छावणीत जर्मनांशी हात मिळवला म्हणून शिव्या खाल्ल्या, इथे आपल्याच माणसांना सुनावलं म्हणून.

या सगळ्याने जगात शांतता आली का? नाही. पॅलेस्टाईन तसंच आहे, किंबहुना पूर्वीपेक्षा वाईट. युरोपात पुन्हा तोफा धडाडतायत. मेन्युहिन १२ मार्च १९९९ रोजी वारला. त्याच महिन्यात नाटोची विमानं युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकायला निघाली. कलावंताच्या हातात सत्ता नसते. हातात असतं ते आपलं वागणं, आणि सहसा तेही धड नसतं. आपल्याकडे एका मंचावर बसायचं नाही, नाव आधी कुणाचं लागायचं, बिदागी कुणाला किती, यावरून आयुष्यभर न बोलणारी घराणी आहेत. त्यांनी विश्वशांतीच्या कार्यक्रमात भैरवी म्हटली तर ऐकायला गोड लागते, एवढंच.

‘वेस्ट मीट्स ईस्ट’ आता इंटरनेटवर सहज मिळते. एक विनंती आहे. रविशंकरांबरोबरची तिलंगातली रचना लगेच लावू नका. त्याच तबकडीवर मेन्युहिन आणि त्याची बहीण हेफझिबा यांनी वाजवलेला एनेस्कूचा सोनाटा आहे, आपल्या गुरूची रचना. तो आधी ऐका. तिथे तो स्वतःच्या घरात आहे, मालक आहे, हात कुठेही अडत नाही. मग तिलंग ऐका. हे सगळं येत असूनही तो दुसऱ्याच्या ओसरीवर किती अदबीने बसतो, तेवढ्याकडे लक्ष द्या. सूर थोडे इकडेतिकडे झाले तर सोडून द्या.